एकाच घावात

१

खंडेनवमीच्या सकाळी हत्यारांचा पाट मांडायचं काम दत्तोजीरावांचं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्यात कुणी लुडबूडही करत नसे. कानडी मुलखातल्या कडकोळच्या कारखान्यात, दुरुस्ती विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. हत्यार कसं ठेवावं हे त्यांच्या हातालाच कळत होतं. पान्हे उतरत्या मापाने, पेचकसांची तोंडं एका दिशेला, बाजूला हातोडी, करवत, सुमाची कापड कापायची मोठी कात्री, स्कूटरची किल्ली. मधोमध कोयता. तो आजोबांच्या वेळचा. वर्षभर कापडात गुंडाळून कपाटावर असायचा, या एका दिवशी खाली यायचा.

"हे पण ठेवा," म्हणत सुमा स्वयंपाकघरातून आली आणि आपला फोन तिने कोयत्याला लागूनच ठेवला.

"फोन कधीपासून हत्यार झाला?"

"अम्मा बोलते ना त्यातनं. माझ्याकडे दुसरं काय हत्यार आहे?"

सुमाची आई कमलाक्षीअम्मा आतल्या खोलीत पलंगावर होती. मागच्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. त्याआधी सुमाने हौसेने अम्माचं बोलणं फोनमध्ये भरून ठेवलं होतं. हुळीत, म्हणजे तिकडच्या आमटीत, चिंच किती, लाडवाचा पाक कधी उतरवायचा, मधेच एखादं अंगाईगीत, मधेच "साकु गं, पुरे वाढलंस, साकु." पुरे म्हणायला अम्माच्या तोंडी कायम कानडी साकुच. आता रोज सकाळी ती त्यातलं एखादं अम्माच्या कानाशी लावायची. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की स्वतःचा आवाज ऐकून कधी कधी आवाज परत येतो. अम्माचे ओठ हलायचेसुद्धा. एक शब्द, फक्त एक शब्द, म्हणून सुमा वर्षभर कान लावून बसली होती.

"रात्रीपासून अपडेट अपडेट म्हणून डोकं खात होता," सुमा म्हणाली. "आत्ता दाबलं बघा. पूजा होईस्तोवर होईल त्याचं."

दत्तोजीरावांनी सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं. फोनला कुठे लावावं कळेना, म्हणून ओलं बोट कडेला टेकवलं. आरती झाली. कापराचा धूर खाली बसला तेव्हा फोनचा पडदा काळा झाला होता. त्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. श्वास घेतल्यासारखं.

२

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. जुन्या मराठा घरांत पूर्वी बोकड असायचा, आता कोहळा. कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरायचं, वर कापूर लावायचा. घरची बाई उंबऱ्यावर बसून तो दोन्ही हातांनी धरते, पुरुष कोयता उचलतो, तेवढ्यात तिने हात काढून घ्यायचा. घाव एकच. दुसरा घाव घालायचा नाही, कोहळा अर्धवट राहिला तरी नाही. आणि कोहळा फुटेपर्यंत पाटावरच्या हत्याराला हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम दरवर्षी सुमाच बजावत असे. या वर्षी तीच म्हणाली, "आधी फोन बघा."

"आधी कोहळा होऊ दे. दोन मिनिटांचं काम."

"कोहळा काय पळून जातोय? त्या फोनमध्ये अम्मा आहे, अहो."

खालच्या मजल्यावरचा विक्रांत प्रसादाला वर आला होता. मूळचा पुण्याचा, संगणकावरचं काम करणारा मुलगा. त्याने पाटावर वाकून पाहिलं आणि हसला.

"काकू, आमच्या ऑफिसात काल लॅपटॉपना हळदकुंकू लावलं. दोन बंद पडले. देवाला आवडलेले दिसतात."

"गंमत राहू दे रे. हा चालू कसा होईल ते सांग."

विक्रांतने फोन न उचलता नुसता निरखला. "असाच अडकतो कधी कधी अपडेटनंतर. बंद करायचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, एक यादी येईल. त्यातून पुन्हा सुरू करायचं. पण काका, त्या यादीत सगळं पुसून टाकायचीही एक ओळ असते. तेवढी चुकूनही दाबू नका."

"दुकानात नेला तर?"

"सणाचं कोण उघडं असणार? आणि ते पहिल्यांदा पुसूनच टाकतात."

सुमाने दत्तोजीरावांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी पाटावरचा सगळ्यात बारीक पेचकस उचलला. फोन उचलला. बाकी कशालाच हात लावला नाही. हे त्यांना पुढेही पक्कं आठवत होतं.

३

खिडकीपाशी टेबल ओढून, खाली पांढरा रुमाल पसरून ते बसले. बाहेर त्यांच्या जयलक्ष्मीपुरम भागातला रस्ता सणाला लागला होता. रिक्षांना केळीचे खांब बांधलेले, बसला झेंडूच्या माळा. थोड्या थोड्या वेळाने कुठेतरी कोहळा आपटायचा, फट्ट करून, आणि पोरं ओरडायची. गल्लीभर लाल चिखल झाला होता.

त्यांनी दोन्ही बटणं दाबून धरली. यादी आली. वरच्या ओळीवर पट्टी होती. पण बोटं काढली तरी ती पट्टी आपोआप एक ओळ खाली सरकली. मग आणखी एक. सगळं पुसून टाकायच्या ओळीपाशी जाऊन थांबली आणि तिथेच थरथरत राहिली.

दत्तोजीरावांनी हात मागे घेतला. खालचं बटण अडकलंय, त्यांच्या लगेच लक्षात आलं. ओलं कुंकू कडेच्या फटीत गेलं होतं. आपल्याच बोटाचं काम. उघडून पुसायला हवं.

कडेला पेचकसाचं पातळ पातं घालून त्यांनी मागचं झाकण सैल करायला घेतलं. गोंद सुटेना. पुन्हा चिन्ह उमटलं, विझलं. उमटलं, विझलं. दत्तोजीरावांचे दात एकमेकांवर दाबले गेले होते, हे त्यांना जबडा दुखला तेव्हा समजलं. कारखान्यात एकदा प्रेसमध्ये फिटरचा हातमोजा अडकला होता, हात आतच होता. सगळे किंचाळत असताना दत्तोजीरावांनी एक एक नट शांतपणे सोडवला होता. लोक अजून ते सांगत. त्या माणसाला आता असं वाटत होतं की फोन जमिनीवर ठेवावा आणि टाच घालून चिरडावा. नुसता चिरडू नये, चिरडत राहावं.

हा विचार कुठून आला, याचंच त्यांना नवल वाटलं.

पातं निसटलं. अंगठा चांगलाच कापला. रुमालावर पडलेलं रक्त कोणतं आणि कुंकू कोणतं हे सांगता येईना. फडक्याचा बोळा घ्यायला त्यांनी न बघता हात लांब केला, आणि हाताला लाकडी मूठ लागली.

कोयता टेबलावर होता. त्यांच्या उजव्या हाताशी, मूठ त्यांच्याकडे.

"सुमा, कोयता तू आणून ठेवलास का?"

"मी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी कशाला हात लावू त्याला? कोहळा व्हायचाय अजून."

ते उठले, कोयता पाटावर त्याच्या जागी ठेवला. जागा रिकामी होती आणि भोवतीची फुलं सुद्धा विस्कटलेली नव्हती. पेचकस उचलताना नकळत आणला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पेचकस बोटाएवढा आणि कोयता हातभर लांब. तरी त्यांनी तसं समजावलं.

४

बटणाची फट स्पिरिटने पुसली, बॅटरीची पट्टी काढून पुन्हा लावली, आणि फोन सुरू झाला. पहिल्यासारखा. मागच्या वर्षीच्या दसऱ्याचा सुमाचा आणि अम्माचा फोटो पडद्यावर आला.

सुमा हात पुसत धावत आली. तिने हुळीचं बोलणं लावलं. "चिंच आधी भिजवायची गं सुमा, मत्ते, मग डाळ शिजली की..." अम्माचा खरखरीत, जरा तोऱ्याचा आवाज. सुमा डोळे पुसत हसली.

"बघा. एवढ्यासाठी तुम्ही कोहळा होईपर्यंत थांबणार होता." कुकरखालचा गॅस मोठा ठेवला होता, म्हणून ती लगेच वळली. "अम्माला ऐकवा जाऊन. मी आलेच."

पण दत्तोजीरावांचा स्वभाव असा की काम झालं म्हणायच्या आधी ते पूर्ण तपासायचे. ते तिथेच उभे राहून ऐकत राहिले. मोहरी, हिंग, कढीपत्ता. आणि मधेच, वाक्य अर्धं टाकून, अम्मा गप्प झाली.

पण बोलणं संपलं नव्हतं. पडद्यावर सेकंदांचे आकडे पुढे चालले होते. एका खोलीची शांतता ऐकू येत होती. मग कुकरची शिट्टी. जरा वेळाने दुसरी, थोडी लांबून. रिक्षाचा लांबलचक भोंगा. दाराची घंटा. मग सुमाचा आवाज, अगदी कोरडा: "अहो, किती वेळ? आणा तो कोहळा."

मग एक घाव. ओल्या, जड वस्तूवर बसतो तसा.

मग दुसरा. मग तिसरा. मग मोजता येईनात असे, एका लयीत, न थांबता. आणि त्यांच्यावरून अम्माचा आवाज, जो या घरात वर्षभर कुणी ऐकला नव्हता:

"साकु. दत्तोजीराव, साकु."

त्यांनी बंद केलं. लाडवांचं लावलं. पाक, वेलची, मग शांतता. शिट्टी, शिट्टी, भोंगा, घंटा. अंगाई लावली. तिच्याही पोटात तेच.

अपडेटने सगळी सरमिसळ केली असणार, ते स्वतःशी म्हणाले. एकाचं शेपूट दुसऱ्याला चिकटलं. अम्मा जेवताना साकु म्हणायचीच. घाव म्हणजे कुणीतरी नारळ फोडत असेल. नाव घेतलं असेल, जावयाला वाढताना घेत नव्हती का?

आणि त्यांना खरा दिलासा मिळाला तो एका गोष्टीने. ते एकच घाव घालतात. आजवर कधी दुसरा घातला नव्हता. इथे तर घावांना अंतच नव्हता. म्हणजे तो हात त्यांचा नव्हे.

५

अम्माच्या खोलीत ते फोन घेऊन गेले ते दुसरं कुणी ऐकायच्या आत तिला एकदा विचारावं म्हणून. विचारणार काय आणि ती सांगणार काय, हे दाराशी पोचल्यावर सुचलं.

अम्मा उशीला टेकून बसली होती. तिने फोनकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती. दत्तोजीरावांनीही पाहिलं. कापलेला अंगठा, मनगटापर्यंत ओघळलेलं रक्त, बाकी हात रिकामा. तरी अम्माचा डावा हात चादर चुरगाळत होता आणि ती भिंतीकडे सरकू पाहत होती.

"अम्मा, काही नाही हो. जरा कापलंय."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

फोन बंद करून हॉलमधल्या टेबलावर टाकत ते धावले आणि गॅस बंद केला.

"अहो, डाळ कच्ची राहील. काय चाललंय तुमचं?" सुमाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आणि हे रक्त? दाखवा बघू."

"कुकर पुन्हा लावू नकोस. थोडा वेळ लावू नकोस."

दुसरी शिट्टी खालच्या मजल्यावरून आली. विक्रांतच्या घरून. थोडी लांबून.

दत्तोजीराव जिना उतरून खाली गेले. मीटरच्या पेटीत आपल्या घराचा मेन स्विच त्यांनी पाडला. आता घंटा वाजणार नाही. बाहेर रस्त्यावर माळा घातलेली रिक्षा उभी होती, पोरांनी आत शिरून तिचा भोंगा धरून ठेवला होता, आणि तो थांबता थांबत नव्हता. ते दोन दोन पायऱ्या चढत वर आले.

हॉलमध्ये फोन बोलत होता. टेबलावर त्यांनी तो बंद करून ठेवला होता, तो बोलत होता. शिट्ट्या नव्हत्या, घंटा नव्हती. नुसते घाव. एका लयीत, आणि मोठे होत जाणारे.

त्यांनी पाटावरची हातोडी उचलली. पहिल्या फटक्यात काच फुटली आणि आवाज तसाच राहिला. दुसऱ्यात झाकण उडालं. मग ते मारत गेले. टेबलाची कड फुटली, काचेचे तुकडे त्यांच्या गालात घुसले, रुमाल चिंध्या झाला. आवाज कधीचा थांबला होता. हातोडी थांबली नव्हती. त्यात एक सुख होतं, ओशाळं करणारं, जबड्यातलं दुखणं सोडवणारं सुख.

सुमाने मागून त्यांचं मनगट धरलं. त्यांनी झटकलं. एवढंच, झटकलं. ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली, आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी काही फुटून खाली पडल्या.

पंखा बंद असल्याने घरात इतकी शांतता होती की काचेचा एक तुकडा टेबलावरून घरंगळून पडला तोही ऐकू आला.

६

सुमा बराच वेळ खालीच बसून होती. कपाळ फुटलं होतं, ते तिने पुसलंही नाही. फोनचा चुरा तिने पदरात गोळा केला, एक एक तुकडा, जसे तांदूळ निवडावेत.

"सुमा, ऐक. त्यात काहीतरी होतं. अम्मा माझं नाव घेत होती."

"अम्मा नव्हती का त्यात," ती म्हणाली. "तेवढीच तर होती."

एकदम पंखा फिरू लागला. जिन्यातून विक्रांतचा आवाज आला, "काका, तुमचा मेन स्विच पडला होता, मी वर केलाय. बघा बरं घंटा वाजते का." आणि तो वर येऊन घंटा दाबून, ती वाजल्याची खात्री करून, शीळ घालत खाली निघूनही गेला.

शिट्टी, शिट्टी, भोंगा, आणि आता घंटा, दत्तोजीरावांनी मनात मोजलं. पण फोन फुटला होता. ते वाक्य आता सुमा कशाला म्हणेल? आईचा आवाज गमावलेली बाई कोहळा कशाला मागेल? तिच्या तोंडाकडे बघत ते वाट पाहत राहिले. ती रडेल, शिव्या देईल, माहेरच्या कुणाला तरी बोलावेल. यांतलं काहीही चाललं असतं.

सुमाने पदरातला चुरा पाटावर कोयत्याच्या रिकाम्या जागी ओतला.

रिकामी जागा. कोयता त्यांच्या हातात होता. हातोडी कुठे टाकली ते त्यांना आठवेना.

सुमा कोहळा उचलून उंबऱ्यावर गेली. वर कापूर ठेवला, पेटवला आणि पायरीवर मांडी घालून बसली. "अहो, किती वेळ?" ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. कोहळ्याकडे पाहून जराशी थबकली, मग उगाच तो नीट करत म्हणाली, "आणा तो... आणा तो कोहळा म्हणणार होते. हा तर मीच आणला."

"आज नको फोडायला. सोड. तू आत चल."

"अम्माला फोडलंत," ती वर न बघता म्हणाली, "आणि आता कोहळ्याला भिताय?"

७

दत्तोजीरावांनी विचार केला, आणि तो विचार त्यांना सरळ वाटला. कोयता हातातून सुटत नाही, हे त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. बोटं उघडतच नव्हती. मग एक घाव घालावा. एकच, नेहमीसारखा. हत्याराचं काम संपेल, बोटं उघडतील, कोयता जिन्यातून खाली भिरकावून देता येईल. त्या आवाजात घाव पुष्कळ होते. त्यांचा एक असेल.

"हात काढ वेळेवर," ते म्हणाले.

"दरवर्षी काढते."

कापराची ज्योत वाऱ्याने आडवी झाली. त्यांनी कोयता उचलला. सुमाने हात काढून घेतला, हे त्यांनी नीट पाहिलं, हिरव्या बांगड्या किणकिणत मागे गेल्या. घाव बसला. कोहळा मधोमध उघडला आणि लाल पाणी पायरीवरून खाली धावलं.

एक.

त्यांनी श्वास सोडला. झालं. एकाच घावात झालं. इतका मोठा दिलासा त्यांना जन्मात मिळाला नव्हता, डोळे आपोआप मिटले. पाणी हातावर उडालं होतं, कोपरापर्यंत, गालावर. कुंकवाचं पाणी इतकं ऊन कसं, असं मनात येऊन गेलं. कापराने तापलं असेल.

बाहेर कुणाचा तरी कोहळा फुटत होता. फट्ट. पुन्हा फट्ट. ओला, जड आवाज, एका लयीत. शेजाऱ्यांना सांगायला हवं, त्यांनी डोळे मिटूनच विचार केला, दुसरा घाव घालायचा नसतो. हिरव्या काचेचं काहीतरी त्यांच्या पावलावर येऊन पडलं. खांदा भरून आला होता.

आणि आतल्या खोलीतून, जिथे फोन नव्हता, कुठलाच फोन नव्हता, खरखरीत आवाज आला. आधी नुसती घरघर, मग चाचपडत, मग स्पष्ट.

"साकु," कमलाक्षीअम्मा म्हणाली. "दत्तोजीराव, साकु."

दत्तोजीराव आनंदाने हसले. वर्षभर ज्याच्यासाठी सुमा कान लावून बसली होती तो शब्द आला होता.

"सुमा," त्यांनी हाक मारली, "ऐकलंस ना? अम्मा बोलली."

उत्तरासाठी ते थांबले. हात थांबला नाही.